ग्रोनिंगेनच्या खेड्यांतली जुनी चर्च: जमिनीपासून वर बघत जा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी निवृत्त स्थापत्य अभियंता. उन्हाळ्यात नेदरलँड्सला, ग्रोनिंगेन शहरात राहणाऱ्या मुलीकडे जातोय. आसपासच्या खेड्यांत सातशे-आठशे वर्षांपूर्वीची विटांची चर्च पुष्कळ आहेत असं कळलं. फोटोत मात्र सगळी सारखीच दिसतात. कोणती बघावीत? काय बघावं? बऱ्याच ठिकाणी मनोरा चर्चपासून सुटा का उभा असतो? आणि भिंतींना एवढे तडे कशाने?"

जुनं वीटकाम आणि चुन्याची दुरुस्ती हाच माझा व्यवसाय आणि त्यातली बरीच वर्षं याच भागात गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुम्ही अभियंता आहात, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो. ही चर्च वरून खाली वाचली तर सारखी वाटतात, जमिनीपासून वर वाचली की प्रत्येकीची गोष्ट वेगळी निघते. तुमच्या चारही प्रश्नांचं उत्तर इथल्या मातीत आहे.

ग्रोनिंगेन शहराच्या उत्तरेचा आणि पूर्वेचा सगळा प्रदेश समुद्राने आणून टाकलेल्या चिकणमातीचा आहे. खडक नाहीच. बांध घालायला सुरुवात झाली ती साधारण अकराव्या-बाराव्या शतकात. त्याआधी मोठी भरती आली की पाणी थेट घरापर्यंत यायचं. म्हणून इथल्या लोकांनी माती, शेण, गवत, घरातला केरकचरा यांचे थरावर थर टाकून उंचवटे रचले आणि त्यावर वस्ती केली. रोमन लेखक प्लिनी याने या उत्तर किनाऱ्यावर उंचवट्यांवर राहणाऱ्या लोकांचं वर्णन पहिल्या शतकातच करून ठेवलंय. या उंचवट्यांना ग्रोनिंगेनमध्ये 'वीर्डे' म्हणतात, शेजारच्या फ्रीसलँडमध्ये 'टेर्प'. एझिंगे गावच्या वीर्डेचं उत्खनन पुरातत्त्वज्ञ आल्बर्ट व्हान खिफेन यांनी 1923 ते 1934 या काळात केलं, तेव्हा घरांवर घरं अशी शतकानुशतकांची वस्ती त्यातून निघाली.

चर्च बांधायची वेळ आली तेव्हा गावातली सगळ्यात उंच आणि कोरडी जागा तिला मिळाली. म्हणजे हजार वर्षं साचलेल्या भरावावर जड इमारत. खालचा काही भाग दाबून पक्का झालेला, काही भाग अजून भुसभुशीत. पायाच्या अभ्यासात आपण ज्याला असमान खचणं म्हणतो, ते इथे अपवाद नाही, नियम आहे.

त्यात एक मानवी भर पडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या उंचवट्यांची माती खणून हलक्या जमिनींसाठी खत म्हणून विकली गेली. फ्रीसलँडमधलं हेगेबिन्टुम बघा. समुद्रसपाटीपासून सुमारे 8.8 मीटर उंचीचा तो देशातला सर्वांत उंच टेर्प आहे, पण बराचसा कापून नेलेला. चर्च वर राहिलं, बाजूची जमीन गेली. ग्रोनिंगेनमध्येही चालता चालता मध्येच तुटलेला उतार दिसला तर तो निसर्गाचा नाही, माती विकल्याचा आहे असं समजा. चर्चच्या एका बाजूचा दाबच काढून घेतल्यासारखं ते असतं.

दगड नाही, मग बांधायचं कशाने?

सुरुवातीची चर्च लाकडाची होती, ती उरली नाहीत. मग जर्मनीतल्या आयफेल डोंगरातला टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा दगड, ऱ्हाईन नदीतून जहाजांनी आणला जाऊ लागला. वजनाला हलका, घडवायला सोपा. मऊ जमिनीसाठी चांगलाच, पण आणायला महाग. अकराव्या-बाराव्या शतकातली भिंत बघायची असेल तर लेरमेन्स गावी जा. मुख्य दालनाच्या भिंतीजवळ उभे राहिलात की राखाडी-पिवळसर छोट्या दगडांचे थर दिसतील आणि त्यांत मधूनच लाल विटांची ठिगळं. या ठिगळांवर बोट ठेवून बघा: विटेची कड अजून टोकदार असते, टफची कड मात्र हाताला भुरभुरते. टफ एवढा कमी का उरला त्याचंही कारण आहे. हा दगड दळून चुन्यात मिसळला की पाण्याखालीही घट्ट होणारा चुना मिळतो. पुढच्या शतकांत पैशाची चणचण असलेल्या गावांनी भिंतींचा टफ काढून दळणाऱ्यांना विकला आणि जागी विटा लावल्या.

वीट आली बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि तिच्या प्रसाराचं श्रेय बहुतेक सगळे मठांना देतात. ग्रोनिंगेनजवळ आडुआर्ड इथे 1192 मध्ये सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाचा मठ स्थापन झाला. त्याच्यासारख्या मठांकडे माणसं होती, जमीन होती, आणि विटेला लागणारी चिकणमाती तर पायाखालीच होती. मठाची वीट म्हणून ओळखली जाणारी ही वीट साधारण 30 बाय 15 बाय 8-9 सेंटिमीटरची. आपली प्रमाणित वीट 19 बाय 9 बाय 9. दोन्ही मनात शेजारी ठेवा, मग गवंड्याचा हात किती भरायचा ते कळेल. वीट जितकी मोठी तितकी भिंत जुनी हा ढोबळ अंदाज इथे चालतो, पण पाडलेल्या इमारतींच्या विटा पुन्हा वापरायची पद्धत जुनी आहे, त्यामुळे फक्त विटेच्या मापावर काळ ठरवू नका.

भिंत जाडजूड दिसते, पण ती आरपार विटांची नसते. बाहेरून एक कातडं, आतून एक कातडं आणि मध्ये तुकडे, चुना, मिळेल तो भराव. चुना बहुतेक समुद्रातल्या शिंपल्या भाजून केलेला. कोकणातल्या जुन्या कामांत शिंपल्यांचा चुना पाहिला असेल तर या भिंतीतले न जळालेले पांढरे तुकडे लगेच ओळखू येतील. हा चुना सिमेंटच्या मानाने मऊ असतो आणि तेच त्याचं बळ आहे. जमीन हळूहळू खचते तेव्हा भिंत त्याच्यासोबत थोडी थोडी वाकते, बारीक भेगा चुनाच विरघळून-गोठून काही अंशी बुजवतो. विसाव्या शतकात अनेक जुन्या भिंतींच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरल्या गेल्या. आता त्याचे परिणाम भोगतोय: ओलावा दर्जेतून बाहेर पडू शकत नाही, विटेतून पडतो, लोणा लागतो आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. विटा झिजून खोलगट आणि दर्जा जाळीसारख्या पुढे आलेल्या दिसल्या तर तिथे सिमेंट आहे असं बिनधास्त समजा. माझ्या कामाचा मोठा हिस्सा हे सिमेंट छिन्नीने, विटेची कड न दुखावता, काढण्यात जातो. मशीन लावून हे काम करणाऱ्याला मी भिंतीजवळ येऊ देत नाही.

मनोरा सुटा का?

आता तुमचा मूळ प्रश्न. मनोरा उंच आणि भरीव, त्याचा पायाखालचा दाब दालनाच्या कितीतरी पट. मऊ भरावावर दोन्ही एकत्र बांधले तर मनोरा जास्त खचणार आणि सांध्यापाशी दालन फाडणार. म्हणून कितीतरी गावांत तो काही पावलं दूर, स्वतःच्या पायावर उभा केला. घंटा वाजताना बसणारे हादरेही मग भिंतींपर्यंत पोचत नाहीत. एझिंगे आणि झेराइप इथे असे सुटे मनोरे आहेत. वर दुपाखी छप्पर, घराला असतं तसंच. टोकदार कळस पाहायची सवय असलेल्या माणसाला हे अपुरं राहिल्यासारखं वाटतं, पण या भागात दुपाखी मनोरा हाच जुना प्रकार आहे.

खार्मरवोल्डेचा सुटा मनोरा पाहणाऱ्याला जास्त कोड्यात टाकतो, कारण तो चर्चपासून फारच लांब दिसतो. तिथलं मुख्य दालन 1859 मध्ये पाडलं. उरला तो आडव्या दालनाचा आणि वेदीचा भाग. मधल्या मोकळ्या हिरवळीवर उभे राहा, तुम्ही खरं तर चर्चच्या आत उभे आहात. उरलेल्या भागाच्या आत छतावर सोळाव्या शतकातली चित्रं आहेत, ती चुकवू नका.

याच्या उलट बीरुम. तिथे मनोरा चर्चला जोडून बांधला आणि तो कलला. त्याला आवरायला एक प्रचंड विटांची कमान बाहेरून टेकू म्हणून दिली. फ्रान्समधल्या मोठ्या कॅथेड्रलच्या बाहेर असतात त्या जातीची ही कमान, पण इथे ती शोभेसाठी किंवा छताचा रेटा घेण्यासाठी नाही. खचणाऱ्या जमिनीशी वाद घालायला उभी आहे. खेड्यातल्या चर्चला असा टेकू सहसा बघायला मिळत नाही. अभियंत्याने ग्रोनिंगेनमध्ये एकच जागा बघायची असेल तर मी बीरुमला पाठवीन.

छत

तेराव्या शतकात आणि चौदाव्याच्या पूर्वार्धात या भागात जी शैली घडली तिला 'रोमानोगॉथिक' म्हणतात. नावावरून ती अर्धवट वाटते, जाड भिंती आणि गोल कमानींची रोमनेस्क शैली सुटलेली आणि उंच, टोकदार कमानींच्या गॉथिकपर्यंत न पोचलेली. मला हे मान्य नाही. ही माणसं पुरेपूर जाणून होती की बाहेर काय चाललंय. विट्टेवीरुमच्या मठाचे पहिले प्रमुख एमो हे तर ऑक्सफर्डला शिकून आलेले, तिथे शिकलेला पहिला परदेशी विद्यार्थी म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. त्या मठाच्या चर्चसाठी 1238 मध्ये कोलोनहून एक कुशल स्थपती बोलावला गेला, हे मठाच्याच बखरीत लिहिलेलं आहे. ते चर्च आज नाही. पण उंच काचेच्या भिंती आणि बाहेरून कमानींचं जाळं हे गॉथिक तंत्र या मातीवर टिकणार नाही, हा निर्णय अडाणीपणातून आलेला नाही.

मग त्यांनी काय केलं? छताचा प्रत्येक चौरस भाग घुमटासारखा फुगवला, मध्यभागी चांगला उंच. खरबूज मधोमध कापून पालथं ठेवावं तशा त्याच्या फाकी दिसतात आणि इथले लोकही त्याला खरबुजी छतच म्हणतात. घुमट जितका उभा, तितका त्याचा बाहेरचा रेटा कमी, त्यामुळे साध्या जाड भिंतीवर तो पेलतो. वर जाणाऱ्या गोल पट्ट्या गॉथिक चर्चमधल्या भार वाहणाऱ्या फासळ्यांसारख्या दिसतात, पण इथे त्या बहुतांशी सजावट आहेत, भार घुमटाचं कवच घेतं. मध्यावर त्या एका विटांच्या कड्याशी येऊन थांबतात.

हे सगळं उत्तम रूपात बघायला झेराइपच्या याकोबुस चर्चमध्ये जा. चौदाव्या शतकाची इमारत. आत शिरल्यावर वर बघाल तर छत भरून लाल-पांढऱ्या विटांची नक्षी दिसेल: पट्टे, चौकटी, नागमोडी रेषा. नीट निरखा. ती वीट नाही, गिलाव्यावर रंगवलेली वीट आहे. खरी वीट खाली झाकलेली. बांधणाऱ्यांनी आधी विटेने छत केलं, त्यावर गिलावा केला आणि मग त्यावर, प्रत्यक्षात गवंड्याला जमणार नाही इतकी नियमित अशी वीट रंगवली. दर्जेची पांढरी रेघ ब्रशने ओढलेली कुठे किंचित थरथरली आहे ते दुर्बीण नेलीत तर दिसेल. दुर्बीण न्याच. क्रेवर्डच्या छोट्याशा चर्चमध्येही अशी रंगवलेली वीट आहे.

बाहेरच्या भिंतींवरची हौस वेगळी. खिडकीच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच आकाराचे बंद कोनाडे आणि त्या कोनाड्यांत तिरक्या विटांची, कणसासारखी वीण. दगड नाही, शिल्प नाही, म्हणून सगळी कला विटेच्या मांडणीत ओतली. वेदीकडची, म्हणजे पूर्वेची भिंत नेहमी आधी बघा, चांगलं काम तिथे केलेलं असतं. ओल्डेनझाइलचं छोटं चर्च यासाठी फार चांगलं.

काही चर्चमध्ये आत सपाट लाकडी छत दिसेल. तेव्हा भिंतीच्या वरच्या भागात कमानीच्या खुणा शोधा. भिंती बाहेर झुकू लागल्या म्हणून घुमट नंतर उतरवल्याच्या त्या खुणा असतात.

उत्तरेच्या भिंतीत बरेचदा एक बुजवलेलं, फार बुटकं दार असतं. गावात कोणीतरी सांगेल की नॉर्मन, म्हणजे व्हायकिंग लुटारूंनी लोकांना उत्तरेकडे वाकूनच बाहेर पडायला भाग पाडलं, म्हणून दार बुटकं. गोष्ट छान आहे, पण या इमारती त्या लुटारूंच्या काळानंतरच्या आहेत. शतकानुशतकं चर्चभोवती दफनं होत राहिली, जमीन वर चढली आणि दार खाली राहिलं.

पांढऱ्या भिंती

ग्रोनिंगेन 1594 मध्ये प्रोटेस्टंट पक्षाच्या हाती गेलं. वेद्या निघाल्या, मूर्ती गेल्या, भिंतींवर चुन्याची सफेदी फिरली. यात नुकसान झालंच, पण चित्रांच्या बाबतीत एक चांगलं घडलं: चुन्याखाली ती प्रकाशापासून आणि हातांपासून सुरक्षित राहिली. गेल्या दीडशे वर्षांतल्या दुरुस्त्यांमध्ये ती थर काढून पुन्हा उघडली गेली. लोपरसुमच्या चर्चमधल्या मारियेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, छोट्या प्रार्थनागृहातली छतचित्रं त्यांतली सर्वांत हृद्य आहेत असं माझं मत. स्टेडुमच्या चर्चची दुरुस्ती 1877-78 मध्ये पीएर कायपर्स यांनी केली, अॅम्स्टरडॅमचं राष्ट्रीय संग्रहालय आणि मुख्य रेल्वे स्थानक बांधणारे तेच. तिथल्या छतावरचे रंग बघताना मूळ कुठवर आणि कायपर्सचा हात कुठून, हे डोळ्यांनी ताडत राहा. त्या काळचे दुरुस्ती करणारे मोकळ्या हाताने भर घालत.

धर्म बदलल्यानंतर चर्चवर हुकूम चालला तो जमीनदार घराण्यांचा. पाद्री नेमायचा हक्क बरेचदा त्यांच्याकडे असे. त्यांचे कोरीव बाक, भिंतींवरचे मृत्युफलक, तळघरातल्या कबरी हे सगळं त्यातलं. स्टेडुमला आड्रियान क्लांट यांचं 1672 चं संगमरवरी स्मारक आहे. क्लांट यांनी ग्रोनिंगेनच्या वतीने स्पेनशी चाललेलं युद्ध संपवणाऱ्या 1648 च्या म्युन्स्टर तहावर सही केली होती. हे स्मारक घडवणारे रोम्बाउट व्हेर्हुल्स्ट त्या काळचे देशातले अग्रगण्य शिल्पकार. त्यांनीच मिडवोल्डे या आणखी एका खेड्यात त्याआधी एका सरदार जोडप्याचं स्मारक केलंय. 1795 च्या क्रांतीत अशा घराण्यांची चिन्हं ठिकठिकाणी छिन्नीने उडवली गेली, म्हणून कबरीच्या शिळांवरच्या ढाली कोऱ्या दिसतील.

ऑर्गनबद्दल लिहायचा अधिकार माझा नाही, पण नावं घेऊन ठेवतो: क्रेवर्डचा 1531 चा, झेराइपचा थिओडोरुस फाबर यांचा 1651 चा, आउटहाउझनचा आर्प श्नित्गर यांचा 1701 चा. मैफल असेल तर बाकी बेत बदलून जा.

तड्यांविषयी

1959 मध्ये स्लोख्टरनजवळ नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि पुढची काही दशकं देशाने तो उपसला. वायू धरून ठेवणाऱ्या, खूप खोलवरच्या वाळूच्या खडकातला दाब कमी झाला, वरची जमीन बसू लागली आणि त्या खोलीवरच्या खडकातल्या जुन्या भेगांवर भूकंप होऊ लागले. 16 ऑगस्ट 2012 रोजी हाउझिंगे इथे 3.6 तीव्रतेचा धक्का बसला, या उपशामुळे झालेला सर्वांत मोठा. 8 जानेवारी 2018 रोजी झेराइपला 3.4 चा. आकडा लहान वाटेल, कोयनेचा 1967 चा भूकंप आठवणाऱ्या माणसाला तर नक्कीच. पण हे धक्के जेमतेम 3 किलोमीटर खोलीवरून येतात, वर मऊ चिकणमाती, आणि इमारती भूकंपाचा विचारही न करता बांधलेल्या. बाहेरचं आणि आतलं कातडं मधल्या भरावापासून सुटतं, घुमटाच्या माथ्याशी भेग पडते, त्रिकोणी भिंतीचं टोक डोलतं. दोन्ही गावांत तेराव्या-चौदाव्या शतकातली चर्च आहेत, हे विसरू नका.

उपसा 1 ऑक्टोबर 2023 रोजी थांबला आणि पुढच्या वर्षी कायद्याने कायमचा बंद झाला. संसदेच्या चौकशी समितीने 2023 च्या अहवालात स्पष्ट म्हटलं की ग्रोनिंगेनच्या लोकांच्या हिताकडे दुर्लक्ष झालं. धक्के मात्र लगेच थांबत नाहीत.

तडा बघून कारण सांगणं कठीण असतं आणि नुकसानभरपाईचे कितीतरी वाद याच मुद्द्यावर अडले. तरी काही गोष्टी डोळ्यांना कळतात. खचण्याचा तडा बहुधा एका टोकाला रुंद असतो, त्याच्या कडा काळवंडलेल्या, धूळ बसलेली, जुना चुना आत भरलेला. नव्या तड्याच्या कडा स्वच्छ आणि टोकदार, विटेचा आतला ताजा रंग दिसणारा. घुमटाच्या दोन्ही बाजूंना समांतर, केसासारख्या भेगा एकाच वेळी उघडलेल्या दिसल्या तर मला हादऱ्याचा संशय येतो. बरेचदा दोन्ही कारणं एकात एक असतात: आठशे वर्षांचा जुना तडा हादऱ्याने पुन्हा जागा होतो. अशा भिंतीला पोलादी सळ्यांनी शिवायचं, छताच्या पातळीवर बांधून घ्यायचं आणि चुन्याचं पातळ मिश्रण आत सोडून पोकळ्या भरायच्या, हे सध्याचं काम. किती बांधायचं याबद्दल आम्हा लोकांत जोरदार मतभेद आहेत. माझं मत कमीत कमी बांधण्याच्या बाजूचं आहे. या भिंती इतकी वर्षं हलत हलतच टिकल्या, त्यांना एका ताठ सांगाड्यात जखडलं तर पुढची हालचाल भलत्याच जागी फुटेल.

जायचं कसं

ग्रोनिंगेनहून डेल्फझाइलकडे जाणाऱ्या लोकल गाडीने लोपरसुमला उतरा. सायकल गाडीत नेता येते किंवा शहरात भाड्याने मिळते. लोपरसुम, झेराइप, लेरमेन्स, क्रेवर्ड, बीरुम हा पट्टा एका लांब दिवसात होतो, सगळं सपाट, फक्त वारा समोरून असेल तर वेळ दीडपट धरा. स्टेडुमही त्याच रेल्वेमार्गावर आहे, ते परतीला किंवा दुसऱ्या दिवशी. खार्मरवोल्डे शहराला लागून, एका संध्याकाळचं काम.

बरीचशी चर्च आता 1969 मध्ये स्थापन झालेल्या 'स्टिख्टिंग आउडे ग्रोनिंगर केर्केन' या संस्थेच्या ताब्यात आहेत. गावांना झेपेनाशी झालेली, पाडायला निघालेली चर्च तिने एकेक करून घेतली, आज तिच्याकडे शंभराच्या आसपास आहेत. प्रत्येक गावात स्थानिक स्वयंसेवकांची समिती देखभाल करते. पुष्कळ चर्च दिवसा उघडी असतात. बंद असेल तर दारावर किल्ली कोणत्या घरी मिळेल ते लिहिलेलं असतं. संकोच करू नका, बेल वाजवा. किल्ली देणारी व्यक्ती बहुतेक वेळा सोबत येते आणि कोणता तडा कोणत्या वर्षी पडला ते तिला तोंडपाठ असतं. तुम्ही अभियंता आहात हे सांगितलंत तर छतावरच्या माळ्याचा जिना उघडून मिळायची शक्यता आहे. मिळाला तर घुमटाची वरची बाजू आणि त्यावरचं जुनं ओकचं लाकूडकाम बघा. फक्त घुमटावर पाय ठेवू नका, फळ्यांवरूनच चाला.